दहा हजार बिड्यांची सुई

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात आला आणि विदर्भातील इतर जिल्ह्यांबरोबर भंडारा जिल्हाही मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात दाखल झाला. आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी भंडाऱ्याचाच भाग होता. एवढी गोष्ट सरकारी कागदांत तपासता येते. पुढे जे लिहिले आहे ते दोन वृद्ध स्त्रियांच्या आठवणी, सुया टोचलेली एक चिंधी आणि मृत्यूच्या वहीतली एक ओळ यांवर उभे आहे. जिथे या साधनांचे एकमेकांशी जमत नाही, तिथे तसे नोंदवले आहे.

रुख्मा अर्जुनी मोरगावात शिवणकाम करी. घर शेतकऱ्याचे, धानाचे. शिवणकाम या घरात आले ते तिचा नवरा बकाराम याच्यामुळे. तो तरुणपणी काही वर्षे गोंदियाच्या बाजारात एका शिंप्याच्या हाताखाली राहिला आणि परतताना एक जुनी हातमशीन घेऊन आला. चाक उजव्या हाताने फिरवायचे, कापड डाव्या हाताने सरकवायचे. मशीन लाकडी पाटावर बसवलेली, आणि शिवणारा जमिनीवर मांडी घालून बसलेला. लग्नानंतर बकारामने बायकोलाही ते काम शिकवले. गावातले इतर शिवणारे सुई तुटली की बदलत. धडधाकट सुई काढून टाकणे त्यांना उधळपट्टी वाटे. बकारामचे मत वेगळे होते. चांगली सुई मुकी असते, असे तो म्हणे. ती बडबडायला लागली, प्रत्येक टाक्याला टप्‌ टप्‌ वाजायला लागली, की तिचे टोक गेले असे समजावे आणि ती तुटायच्या आत काढावी.

१९५१ साली, किंवा १९५२ साली, या घरात मुदतीचा ताप आला. बकाराम त्यात गेला. रुख्मा वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. तेव्हा ती वीस-बावीस वर्षांची असावी. बोलणे शाबूत होते. आपला आवाज आपल्याला येत नसल्याने ते कधी फार मोठे, कधी अगदी पुटपुटल्यासारखे होई. समोरच्याच्या ओठांवरून तिला बरेचसे समजत असे.

इथे घरातल्या एका रीतीची माहिती आवश्यक आहे. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यासमोर पदर कपाळाखाली ओढून घ्यायचा, त्याच्या तोंडाकडे बघायचे नाही, त्याच्याशी थेट बोलायचे नाही. रुख्माचा भासरा केवळराम हा घरचा कर्ता होता. म्हणजे घरातले सगळे निर्णय ज्या तोंडातून निघत, तेवढेच एक तोंड तिला वाचायची मनाई होती. केवळरामचे बोलणे तिच्यापर्यंत पोहोचे ते सासूमार्फत. सासू देवकाबाई, रुख्मा तिला आत्या म्हणे. केवळराम काही बोलला की देवकाबाई सुनेकडे वळून तेच शब्द ओठ रुंद करून पुन्हा म्हणे.

ही हकीकत ज्या पुष्पाबाईंकडून मुख्यतः मिळाली त्या केवळरामच्या सूनबाई, म्हणजे त्याचा मुलगा शालीकराम याच्या पत्नी. त्या आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. त्या लग्न होऊन या घरात आल्या १९५५ साली, त्यामुळे त्याआधीचे त्यांना सासऱ्यांच्या आणि आजेसासूच्या बोलण्यातून कळलेले. बकारामच्या तेराव्यानंतर झालेले एक संभाषण त्या आजही दोन्ही आवाज काढून सांगतात.

"मशीन आता शालीकसाठी ठेवू," केवळराम म्हणाला. शालीकराम तेव्हा शिवणकाम शिकायला गोंदियाला जाणार होता. "हिले ऐकू येत नाई. सुई बोथी झाली तं हिले कोन सांगन? कपडा लोकायचा, अना नाव आपलं."

"मी सांगीन ना," देवकाबाई म्हणाली. "मी हाव तिचे कान."

"तुले शिवण्यातलं काय समजते व माय?"

"दहा वर्सं ऐकून राहिली तुया भावाची मशीन. समजते नाई तं का."

केवळराम दुष्ट नव्हता. भावाची विधवा दिवसभर हात बांधून बसलेली त्यालाही बघवत नव्हती. त्याने थोडा विचार करून अट घातली. "मंग तिच्यापाशी बसून राहजो. तू उठली का मशीन उठली."

पुढची चार-साडेचार वर्षे देवकाबाई उठली नाही. घरापुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत, रुख्मा मशीन घेऊन बसे आणि तिच्या डाव्या हाताला, पाटाला लागून, देवकाबाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसे. सट्टेदार, म्हणजे बिड्यांचा ठेकेदार, तेंदूची पाने आणि तंबाखू घरपोच देई, वळलेल्या बिड्या घेऊन जाई. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, धागा गुंडाळायचा. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. एक हजार बिड्या झाल्या की देवकाबाई मागच्या भिंतीवर कोळशाने एक उभी रेघ ओढी. आणि बारा-तेरा दिवसांतून एकदा, काही न बोलता, ती डावा पाय लांब करून रुख्माच्या पोटरीला अंगठ्याने दोनदा टोची. रुख्मा चाक थांबवी, स्क्रू सैल करी, जुनी सुई काढून नवी लावी. गावातल्या बायकांना याचे मोठे कौतुक होते. म्हातारीचे कान किती तिखट, की बिड्या वळता वळता सुईचे मन ओळखते.

केवळरामला मात्र सुयांचा खप खटके. सुया गोंदियाहून शालीकराम आणून देई.

"ह्या मशीनले भूक लागते का व? पंधरा दिवस झाले नाई तं सुई खाते."

"तुया बैलाइले लागते तशीच लागते," देवकाबाई उत्तर देई.

रुख्माचे काम साधे होते. पोलकी, परकर, झबली, शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या, आणि थंडीच्या तोंडावर जुन्या धोतरांच्या गोधड्यांच्या कडा. पुष्पाबाईंच्या आठवणीप्रमाणे दिवसाचा बराच वेळ या दोघी एक शब्द न बोलता बसत. सासूला काही सांगायचे झाले की ती सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवी, सून मान वळवी, मग सासू बोले. "मले नवल वाटे," पुष्पाबाई म्हणतात, "आमी बाकीच्या बाया दिवसभर तोंड चालवो तरी आमचं पटे नाई, अना ह्यायचं मुक्यानं चाले."

१९५६ च्या दिवाळीनंतर देवकाबाईच्या उजव्या अंगठ्याला नखुरडे झाले. अंगठा सुजून टमटमला. गावठी उपाय म्हणून तिने एका लिंबाला भोक पाडून त्यात अंगठा खुपसला आणि वर फडके बांधले. लिंबू खुपसलेल्या अंगठ्याने बिडी वळता येत नाही. सट्टेदाराचा माणूस दोनदा येऊन रिकामा परत गेला. तिसऱ्यांदा तो शेजारच्या घरी थांबला, इथे आलाच नाही. देवकाबाई तरीही रोज सपरीत, पाटाला लागून आपल्या जागी बसे. अट तशी होती. सूप बाजूला उभे करून ठेवलेले, हात मांडीवर, आणि हातात लिंबू.

त्याच दिवसांत शामकला नावाची गावातली बाई कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड घेऊन आली. तुळशीच्या लग्नानंतर तिच्या मुलीचे, प्रेमिलाचे, लग्न होते. कोसा मोहाडीकडच्या कोष्ट्यांनी विणलेला, मुलीच्या मामाने दिलेला, नेमका एका पोलक्यापुरता. शामकलाने तो रुख्माच्या मांडीवर ठेवला आणि बोट वर करून सांगितले, "एकच आहे हो बाई. दुसरा नाई."

रुख्माने मापे घेतली, कापड बेतले आणि त्याच मशीनवर, त्याच सुईने शिवायला घेतले. त्या सुईने आदल्या आठ-दहा दिवसांत पाच गोधड्यांच्या जाड कडा ओढल्या होत्या. कोशाचा धागा लांब आणि घसरता असतो. टोकदार सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. बोथट सुई धाग्यालाच अडकते आणि त्याला ओढत नेते. पाठीचा भाग शिवताना खांद्याजवळ एक धागा असा ओढला गेला आणि खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळसर कोशावर एक सरळ, चुण्या पडलेली रेघ उमटली. रुख्माने चाकावरचा हात काढून घेतला. पुष्पाबाई तेव्हा सपरी सारवत होत्या. त्या म्हणतात, काकीने, म्हणजे रुख्माने, कापड पाहिले नाही, आधी सासूच्या तोंडाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामकला प्रेमिलाला घेऊन अंगाला लावून बघायला आली. रेघ पाहून ती खालीच बसली. ओरडली नाही. प्रेमिलाबाई आज तिरोड्याला मुलाकडे राहतात, त्या सांगतात, "माय रागावली असती तं बरं झालं असतं. ते नुसती त्या रेघेवर हात फिरवत राहिली."

केवळराम बांधावरून आला. शालीकराम गोंदियाहून सणासाठी घरी आलेला होता, तोही आला. तिरोड्याला स्टेशनजवळ एक टपरी त्याने बघून ठेवली होती. मशीन नव्हती म्हणून काम अडले होते. त्याने सुई काढली, तिचे टोक आपल्या नखावरून फिरवले आणि नखावर पडलेला ओरखडा वडिलांना दाखवला.

"देखो ना, नोकच मुडली आहे. कबकी निकालनी थी." गोंदियात राहून त्याची भाषा अर्धी हिंदी झाली होती. मग तो आजीकडे वळला. "काय व आजी, परवा पुरं राज्य बदलून गेलं, आपन मुंबईवाले झालो. अना तुमची एक सुई बदलली नाई?"

हा टोमणा पुष्पाबाई आणि प्रेमिलाबाई दोघींनी, एकमेकींशी भेट नसताना, जवळपास याच शब्दांत सांगितला. या प्रसंगाचा काळ ठरवायला दुसरा आधार नाही.

"आवाज नाई आला तुले?" केवळरामने विचारले.

देवकाबाईने लिंबाचा हात पदराखाली घेतला. "कशी सांगू बाप्पा? बोट दुखून राहिलं होतं."

"बोट दुखते तं कान काऊन बंद झाले?"

शालीकरामची नजर मागच्या भिंतीकडे गेली. कोळशाच्या सहा रेघा. त्यांच्यावर धूळ बसली होती. तो मोजायला लागला, मग थांबला आणि हसायला लागला.

"आजी! तू बिड्या मोजून लाथ मारे का व?"

तेव्हा ते बाहेर आले. देवकाबाईने सुरुवातीला खरोखरच ऐकायचा प्रयत्न केला होता. "महिनाभर कान देऊन बसली," ती म्हणाली. "मशीन तं सारखीच वाजे. चांगली सुई तशीच, वाईट सुई बी तशीच. मंग मीनं म्हटलं, बिडीचं गनित असते तं सुईचं काऊन नसन? दहा हजार बिड्या म्हंजे येक सुई, मंग रेघा पुसून पुन्हा पयल्यापासून. चाललं ना पाच वर्सं! कोनाचं पोलकं बिघडलं का?"

"माह्या पोरीचं बिघडलं," शामकला म्हणाली.

देवकाबाईचा हिशेब तसा वाईटही नव्हता. दोघी एकाच वेळी कामाला बसत आणि एकाच वेळी उठत, त्यामुळे बिड्यांची संख्या आणि मशीनचे तास बहुधा बरोबरीने चालत असावेत. फक्त अंगठ्याला लिंबू लागल्यावर बिड्या थांबल्या आणि मशीन चालूच राहिली. बिड्यांच्या हिशेबात ती सुई अजून सहाच हजारांची होती.

"म्हंजे तू बसूनही उठलेलीच होती," केवळराम म्हणाला. "झालं तं मंग. शालीक, मशीन बांध."

रुख्मा भासऱ्यासमोर पदर ओढून, खाली मान घालून बसली होती. तिला दिसत होते ते पाय. भासऱ्याचे चिखलाचे, शामकलाचे जोडव्यांचे. शालीकरामचे पाय मशीनकडे वळलेले दिसले. तिने सासूच्या हाताला हात लावला.

"आत्या, काय म्हनून राहिले?"

देवकाबाईने तोंड फिरवले. इतक्या वर्षांत तिने केवळरामचे एकही वाक्य सुनेपर्यंत पोहोचवायचे बाकी ठेवले नव्हते. हे एक ठेवले.

रुख्माने दोन्ही हातांनी पदर डोक्यावर मागे सारला, मान वर केली आणि केवळरामच्या तोंडाकडे सरळ बघितले.

"दादाजी," ती म्हणाली. आवाज गरजेपेक्षा पुष्कळ मोठा होता. "मले पुन्हा सांगा."

केवळराम गडबडला. आयुष्यात पहिल्यांदा भावाची बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने नजर चुकवली आणि बाजूला तोंड करून काहीतरी म्हणाला.

"तिच्याकडं पाहून बोला ना," शामकला म्हणाली. नुकसान तिचे झाले होते, म्हणून असेल, पण त्या सपरीत तिलाच बोलायचा अधिकार जास्त होता. "भिताडाले सांगून राहिले का?"

केवळरामने खाकरून घसा साफ केला. मग रुख्माकडे बघत, एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला, "तुले. सुई. कधी. बदलावी. ते समजत नाई."

"समजते," रुख्मा म्हणाली.

"कसं?"

तिने उजवा गुडघा पाटाच्या कडेला टेकवून दाखवला. "ह्याले समजते. चांगली सुई पाटाले धक्का देत नाई. बोथी झाली का गुडघ्याले टोचते. मले परवाच समजलं."

"मंग परवाच बदलली काऊन नाई?"

या प्रश्नाला तिने काय उत्तर दिले, याबद्दल दोन साक्षी वेगळ्या आहेत. प्रेमिलाबाईंना तिने काही उत्तर दिल्याचे आठवत नाही. पुष्पाबाई सांगतात की ती म्हणाली, "आत्यानं पाय नाई लावला." आणि पुढे, "तिचं बोट सुजलं. हाताले काम नाई. बिडीवाला बी तिले विचारे ना. मीनं आपल्याच मनानं सुई काढली असती तं तिले काय वाटलं असतं?"

देवकाबाईला हे ऐकू आले की नाही, तेही पुष्पाबाई सांगू शकत नाहीत. म्हातारी खाली बघून लिंबावरचे फडके उगाच सोडत आणि बांधत होती, एवढेच त्यांना दिसले.

शालीकरामला पटले नाही. "बोलनेको कोई भी बोलेगा," तो म्हणाला. "गुडघ्याले सुई समजते, असं आमच्या मास्टरच्या बापानंही नाई सांगतलं."

"मंग गुडघ्यालेच विचार," शामकला म्हणाली.

परीक्षा कशी घ्यायची ते शालीकरामने ठरवले. तीन सुया घेतल्या. एक पुडीतली नवी, एक ही पोलके बिघडवलेली, आणि एक त्याच्या स्वतःच्या डबीतली, काही दिवस वापरलेली. कोशाच्या कातरणाचा तुकडा खाली घातला. चाक तो फिरवणार, आणि रुख्माने फक्त गुडघा लावून बसायचे. तिने न सांगता पदर पुन्हा खाली ओढला, या वेळी हनुवटीपर्यंत. देवकाबाईने पायाने खूण करू नये म्हणून केवळरामने तिला उठवून आतल्या दारापाशी नेले. पुष्पाबाई तिला धरून तिथेच उभ्या राहिल्या. प्रेमिलाबाई मशीनपासून दोन हातांवर होत्या.

शालीकरामने पहिली सुई लावली आणि चाक फिरवले. पाच-सहा टाके झाले असतील.

"काढ," रुख्मा म्हणाली. ती बिघडलेली सुई होती.

त्याने दुसरी लावली. चाक फिरले. रुख्माने मान हलवली. "हे राहू दे." ती नवी होती.

तिसऱ्या सुईला वेळ लागला. शालीकरामने टाके संपवून कापड वळवले, पुन्हा शिवले. रुख्माने गुडघा उचलला, पुन्हा टेकवला. पुष्पाबाईंच्या सांगण्यानुसार ती म्हणाली, "उद्या." म्हणजे आज चालेल, उद्या काढावी लागेल, आणि शालीकरामने सुई नखावर फिरवून मान्य केले. प्रेमिलाबाईंच्या सांगण्यानुसार ती "काढ" म्हणाली आणि शालीकराम म्हणाला की ही अजून चार दिवस चालली असती. मशीन मिळाली असती तर पुष्पाबाईंचाच संसार तिरोड्याला उभा राहिला असता. त्यामुळे रुख्माच्या बाजूने वाढवून सांगण्यात त्यांचा काही लाभ नव्हता, हे लक्षात घ्यावे लागते. पण त्या दारात उभ्या होत्या आणि प्रेमिलाबाई जवळ होत्या, हेही लक्षात घ्यावे लागते.

केवळरामने कोणाला काही विचारले नाही. तो रुख्माच्या समोर आला आणि उभा राहिला. पदर खाली होता, तिला दिसले नाही. तेव्हा त्याने खाली वाकून पाटावर बोटांनी दोनदा ठोकले. तिने पदर वर केला.

"राहू दे मशीन," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "शालीकसाठी दुसरी पाहू." मग, जाता जाता, "पन ह्या बाईचं पोलकं करून दे व."

पोलके झाले. रुख्माने रेघेवरून पाठीच्या उभ्या भागाला एक बारीक चूण घातली आणि दुसऱ्या खांद्याखाली तिच्याच जोडीची दुसरी चूण घातली, म्हणजे दोन्ही मुद्दाम घातल्यासारख्या दिसाव्यात. सुई पुडीतली नवी लावली होती. ते पोलके आता राहिलेले नाही. प्रेमिलाबाई दोन्ही हात पाठीमागे नेऊन चुण्या कुठून कुठे होत्या ते दाखवतात. लग्नात दोघीतिघींनी त्यांना विचारले होते की ही नवी फॅशन कुठली.

देवकाबाईचा अंगठा पुढच्या पंधरवड्यात बरा झाला. ती पुन्हा बिड्या वळायला लागली, पुन्हा भिंतीवर रेघा ओढायला लागली, आणि दहावी रेघ झाली की पाय लांब करून सुनेच्या पोटरीला टोचायला लागली. तिचे गणित आता साऱ्या गावाला माहीत होते, शेजारणी थट्टेने विचारत, "किती हजार झाले व बुढे?" रुख्माने तिला कधी थांबवले नाही. पुष्पाबाई सांगतात, पोटरीला अंगठा लागला की काकी चाक थांबवी, सुई काढी, केसांतून फिरवून तिला थोडे तेल लावी आणि चांगली असेल तर तीच परत बसवी. सासू समाधानाने पुढच्या कट्ट्याला लागे. जेव्हा सुई खरोखरच गेलेली असे, तेव्हा रुख्मा ती केव्हाच बदललेली असे, बहुधा सासू जेवायला आत गेली असताना.

देवकाबाईच्या मृत्यूची नोंद फेब्रुवारी १९५९ ची आहे. वय अंदाजे सत्तर, कारण खोकला. त्यानंतर मशीनपाशी दुसरे कोणी बसले नाही. केवळरामने त्याबद्दल काही म्हटल्याचे कोणाला आठवत नाही. मात्र सुयांच्या परीक्षेच्या त्या सकाळपासून तो रुख्माशी बोलताना तिच्यासमोर जाऊन उभा राही आणि तिने पदर वर करायची वाट बघे. नात्यातल्या काही बायकांना ते आवडले नाही. १९६० साली शालीकरामने तिरोड्याला टपरी टाकली आणि पुष्पाबाई अर्जुनी सोडून गेल्या. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले इथेच संपते.

रुख्माने बदललेल्यांपैकी काही सुयांची चिंधी पुढे पुष्पाबाईंकडे आली. वीतभर लांब जाड मांजरपाट, त्यात बावन्न सुया रांगेने टोचलेल्या. भिंगाखाली पाहिल्यावर तेहतीस सुयांची टोके वाकलेली किंवा झिजलेली दिसतात; एकोणीस सुया जवळजवळ शाबूत आहेत. या एकोणीस सुया देवकाबाईच्या गणितावर, गरज नसताना काढलेल्या असाव्यात, असा तर्क करता येतो. पण चिंधीवर तारीख नाही, सुया कोणत्या क्रमाने टोचल्या हे सांगता येत नाही, आणि त्या सकाळची ती बोथट सुई या बावन्नांत आहे की शालीकरामने फेकून दिली, हेही कळत नाही.

तापाचे साल निश्चित नाही. रुख्माचे जन्मसाल मिळालेले नाही. तिसऱ्या सुईला ती काय म्हणाली यावर दोन साक्षी आहेत आणि त्या जुळत नाहीत. सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की "मले परवाच समजलं" हे वाक्य खरे होते, म्हणजे रुख्माला सुई गेल्याचे कळले होते आणि तिने सासूचा मान राखण्यासाठी कोसा पणाला लावला, की तिला तेव्हा काही कळलेले नव्हते आणि उघडी पडलेली म्हातारी एकटी पडू नये म्हणून तिने ते तिथल्या तिथे म्हटले, हे ठरवण्यासाठी कोणताही पुरावा नाही. पुष्पाबाईंना विचारले असता त्या म्हणाल्या, आम्ही काकीला हे कधी विचारले नाही. म्हणून ते माहीत नाही.